रविवारी दुपारी तैवान

खोटं बोलायचा मला सराव नाही. वाशीमच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं काढली. कागद आला की नंबर टाकायचा, गेला की नंबर टाकायचा. मधे त्याचं जे काही होतं ते दुसऱ्या टेबलांचं पाप. त्यामुळे सत्तावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं बोललो, तेही अगदी नवशिक्यासारखं, आकडा सांगून बोललो.

"चाळीस सदस्य आहेत," मी फोनवर म्हणालो.

फोनच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी सपना होती. सपना पुण्यात जाहिरातींचं संकलन करते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले तुकडे जोडते. उरलेल्या वेळात ती जपान, कोरिया, तैवान, थायलंड असल्या देशांच्या सिनेमांवर लिहिते. हे दुसरं तिचं खरं काम आहे, हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर नातेवाइकांना मी "कंप्युटरवर आहे" एवढंच सांगत होतो आणि नातेवाईकही समाधान पावत होते.

त्या चार वर्षांत दर रविवारी तिचा फोन यायचा आणि चार मिनिटांत संपायचा. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आईला द्या. मी आईला द्यायचो. मग एकदा तिने मला एक सिनेमा पाठवला आणि म्हणाली, "बाबा, बघा जमलं तर." वाशीमच्या सातच्या बसला जायच्या आधी, पहाटे उठून, मी तो पाहिला. पुढच्या रविवारचा फोन चाळीस मिनिटं चालला. तेव्हापासून मी पहाटे उठायला लागलो.

तो पहिला सिनेमा जपानचा होता, भुताचा. ते भूत दोन तासांत एकदाही कुणाला घाबरवत नाही. वाळलेले कपडे तेवढे घडी करून ठेवतं, आणि घरातली माणसं "घडी कुणी केली" म्हणून एकमेकांवर संशय घेत घेत शेवटी वेगळी राहायला जातात. दिवसभर टेबलावर माझ्या डोक्यात त्या घड्या होत्या. दोन पत्रांना मी एकच नंबर टाकला. दुसरा सिनेमा कोरियाचा. त्यात पोलीस खुनी शोधतात, खुनी सापडत नाही, आणि दिग्दर्शकाला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

"मंग पोलीस काय करून राह्यले होते दोन घंटे?" माझ्या बायकोने, लिलाबाईने, चहा गाळता गाळता विचारलं.

"सूप पीत होते."

"तुमाले शोभते असा पिक्चर," ती म्हणाली.

माझं इंग्रजी नोटशीटपुरतं. म्हणून सपना प्रत्येक सिनेमाला, खाली, माझ्यासाठी मराठी ओळी टाकून पाठवायची. सगळ्या ओळी ती स्वतः टाइप करायची. एका सिनेमाला किती वेळ लागतो, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकून पुढचा मागायचा धीर झाला नसता.

मी वही केली. अनुक्रमांक, दिनांक, देश, कालावधी आणि अभिप्राय असे रकाने आखले. अभिप्रायाचे तीन प्रकार ठेवले: 'समजला', 'अंशतः समजला' आणि 'पुढील कार्यवाहीस्तव प्रलंबित'. सव्वीस सिनेमांपैकी एकोणीस प्रलंबित होते. पण आवडायचे. न समजता एखादी गोष्ट इतकी आवडावी हे बरं की वाईट, हा विचार मी बसमध्ये पुष्कळ केला, आणि तोही प्रलंबित ठेवला.

मग आला तैवानचा तो सिनेमा. 'पांढऱ्या सुटातला पाहुणा' हे नाव सपनानेच मराठीत केलेलं. शहरातला एक गुंड, अंगात पांढरा सूट. पहिला तासभर नुसते लाल-हिरवे दिवे, आरसे, सिगारेटचा धूर आणि न्हाव्याच्या दुकानातला एक पाठलाग, ज्यात कुणीच पळत नाही. गोळी एकच सुटते, ती पडद्याबाहेर. मग बाप वारल्याची खबर येते आणि गुंड वीस वर्षांनी गावाला जातो. माती होते. दुसऱ्या दिवशी तो तसाच पांढऱ्या सुटात शेतात जाऊन उभा राहतो. शेजारी विटांची एक खोपडी, म्हणजे छोटी खोली. तो काही करत नाही, बोलत नाही. कॅमेरा हलत नाही. नऊ मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली आहेत.

या नऊ मिनिटांवर सपनाने चाळीस पानांचा लेख लिहिला होता. त्याचं नाव 'शून्याची सोबत'. कुठल्याशा मोठ्या नियतकालिकात तो छापून येणार होता.

"बाबा, ती नऊ मिनिटं बघून काय वाटलं?" तिने विचारलं.

मला काय वाटलं होतं? पहिल्यांदा वाटलं, कंप्युटर अडकला. पण हे सांगितलं की ती "हं" म्हणणार, मग जेवलात का, गोळी घेतली का, आईला द्या. लेखाचं नाव मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "शून्य. शून्यच आहे ते."

मग ती हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला किती कळतं हो."

इथे थांबायला हवं होतं. पण कौतुक झालं की माणसाचा तोल जातो. ती म्हणाली, "तिकडे असं बोलायला कुणी भेटतं का तुम्हाला?" आणि मी म्हणालो, "म्हणजे काय, आम्ही मंडळच काढलं आहे. आशियाई चित्रपट रसिक मंडळ. चाळीस सदस्य आहेत."

"दिवाळीनंतरच्या रविवारी मी येते," सपना म्हणाली. "मला मंडळ बघायचंय."

*

आमचं गाव रिठदच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण गावात मला अजून राहायचं आहे.

मी लिलाबाईला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "सांगून टाका पोरीले, की मंडळ नाई म्हनून."

"मग ती पुन्हा काही बोलणार नाही माझ्याशी."

"बोलन ना. गोळी घेतली का म्हनन."

तेच तर मला नको होतं. दोन वर्षं मी ज्या पायरीवर उभा होतो तिथून पुन्हा खाली बीपीच्या गोळीवर यायचं, या कल्पनेनेच माझं बीपी वाढलं. मी चप्पल घातली आणि एजाजभाईकडे गेलो.

एजाजभाईचं दुकान बसथांब्याला लागून. इलेक्ट्रिकची, मोटर बांधायची, पंपाची सगळी कामं तो करतो, आणि लग्नाच्या सीझनसाठी त्याने एक प्रोजेक्टर घेऊन ठेवला आहे. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी शिकलो आणि तो हुशार झाला.

"पिक्चर दाखवाचा हाये," मी म्हणालो. "माणसं चाळीस पायजेत."

"फायटिंग हाये का?"

"एक गोळी आहे."

"दिसते का?"

"आवाज येतो."

"गानं?"

"एक बाई गुणगुणते."

एजाजभाईने हातातला पाना खाली ठेवला. "देवमनभाऊ, आपल्या गावात मयतीले चाळीस मानसं जमवाची म्हनलं तरी मरनारा चांगला असाव लागते. तुमी एक काम करा. राशनची केवायसी हाये म्हना, सगळं गाव येते."

"खोटं कसं सांगायचं?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

गावात सल्ला मागायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. आपण रस्त्याने चालायचं, सल्ले आपोआप अंगावर येतात. एकाने सुचवलं, आधी महाप्रसाद ठेवा, कढई उतरली की दार लावून घ्या. एकजण म्हणाला, मधे मधे कीर्तन टाका. बुद्धविहारातल्या आमच्याच माणसांनी विचारलं की यात बुद्धाचं काही आहे का. मी म्हणालो, दोन तास वीस मिनिटं शांतता आहे. तेवढ्यावर चारजण तयार झाले. मग मी घरोघर फिरून निमंत्रणं दिली. "रविवारी दुपारी या, तैवानचा आहे," असं मी सांगायचो, कारण 'आशियाई चित्रपट' म्हटलं की माणसं आपल्याला उशीर होतो आहे असा चेहरा करायची. 'तैवान' म्हटल्यावर मात्र त्यांच्या डोळ्यांत चमक यायची. मला नवल वाटलं आणि थोडा अभिमानही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "किती लिटरचा?" मी थट्टा समजून हसलो. तोही हसला. दोघंही समाधानाने वेगळे झालो.

*

सभागृह ग्रामपंचायतीचं. त्यासाठी अर्ज. ग्रामसेवक नव्यानेच आलेले, तरुण, नियमाने वागणारे. म्हणजे माझ्याच जातकुळीचे. त्यांनी छापील नमुना काढला. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात धार्मिक, आरोग्य, कृषी, शैक्षणिक, राजकीय असे पाच चौकोन होते.

"सांस्कृतिक नाही?" मी विचारलं.

"मागच्या वेळी सांस्कृतिकमध्ये लावणी झाली. तेव्हापासून चौकोन काढला."

"हा चित्रपट आहे."

"चित्रपट म्हटलं की पोलिसांचं पत्र लागेल. विदेशी म्हटलं की कुणाचं लागेल ते मला विचारावं लागेल, आणि कुणाला विचारायचं ते आधी विचारावं लागेल." त्यांनी पेन उचललं. "विषय काय आहे?"

"तैवान."

"मग सर, हा कृषीतच बसतो की."

त्यांनी 'कृषी'वर खूण केली. मी हरकत घ्यायला हवी होती. पण एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे: कागद रकान्यात बसला की त्याला पुन्हा उठवू नये. मी सही केली. अर्जाला आवक नंबर पडला. माझ्या खोट्याला आता सरकारी क्रमांक होता.

दवंडीचं काम इंद्रभानकडे. इंद्रभान ग्रामपंचायतीचा शिपाई, आणि भोंग्यावर बोलायची त्याला मनापासून आवड. चिठ्ठीत लिहिलेलं तो वाचतो, आणि कमी वाटलं तर सुधारतो. शुक्रवारी सकाळी त्याने दवंडी दिली तेव्हा मी वाशीमच्या बसमध्ये होतो आणि लिलाबाई शिरपूरला बहिणीकडे गेली होती. तो नेमकं काय बोलला, ते मला नंतर कळलं. तो बोलला ते असं: "समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, रविवारी दुपारी एक वाजता सभागृहात तैवान दाखवन्यात येनार हाये. मोफत. एजाजभाई सोता हजर राहतीन. मांगच्या बारी लोक हात हलवत आले, म्हनून आपापला पंप संगं आना."

हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात तैवान हा देश नाही. पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप म्हणजे तैवान. कुठल्याही कंपनीचा असो, कुठेही बनलेला असो, तो तैवानच. आणि दिवाळी झाली की तूर फुलावर येते, अळी पडते, घराघरातून तैवान निघतात आणि अर्धे चालू होत नाहीत.

हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. लहानपणापासून शेतात वाढलो आहे मी. पण वीस वर्षांपूर्वी वावर चुलतभावाला बटाईने दिलं, तेव्हापासून तो शब्द माझ्या कानावरून जातो, आत येत नाही. त्याला आवक नंबरच पडला नव्हता.

*

सपना शनिवारी आली. रात्रीचं जेवण होताच मी डोकं दुखतं म्हणून झोपलो, म्हणजे मंडळाबद्दल काही विचारायला तिला वेळ मिळाला नाही.

रविवारी सकाळी एजाजभाईने प्रोजेक्टर, वायरींचं भेंडोळं आणि स्पीकर हातगाडीवर घालून सभागृहात नेलं. रस्त्यातल्या प्रत्येकाने ते पाहिलं. पंप दुरुस्त करणारा माणूस सामान घेऊन सभागृहात चालला आहे, याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? आम्ही खिडक्यांना सोयाबीनच्या ताडपत्र्या बांधल्या. अंधार चांगला झाला. मी चार पानांचं प्रास्ताविक खिशात ठेवलं. मनात हिशेब चालू होता: विहारातले चार, एजाजभाई, इंद्रभान, लिलाबाई, आणि दम लागला तर बसायला येतात ते दोन म्हातारे. नऊ. एकतीस गैरहजर दाखवायचे, तूर आहे म्हणून सांगायचं.

पाऊण वाजता सपना दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "किती माणसं येतायत."

मी बाहेर पाहिलं. या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे मोटरची वीज, रात्रीची होती, त्यामुळे दुपारी माणसं मोकळी. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून, तांड्याकडूनही माणसं येत होती. साठ तरी असतील. प्रत्येकाच्या पाठीवर पंप.

"हे सगळे सदस्य?"

"वाढले," मी म्हणालो.

"आणि पाठीवर काय आहे?"

तेवढ्यात एजाजभाईने मला बाजूला ओढलं. "भाऊ, मामला दुसराच होऊन राह्यला. हे पंपासाठी आले." आणि त्यालाही आत्ताच कळलेली दवंडीची हकिकत त्याने दोन वाक्यांत सांगितली.

मी तिथेच पायरीवर बसलो. माणसाला लाज वाटते तेव्हा तो इतरांकडे बघत नाही म्हणतात. मी मात्र सपनाकडेच बघत होतो. ती पंपांकडे बघत होती, मग तिने दाराशेजारचा फळा पाहिला. इंद्रभानच्या अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं: 'कृषी कार्यक्रम. विषय – तैवान.' ती पुण्यात राहत असली तरी या गावात वाढलेली पोरगी आहे. तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की तिला समजलं. पण ती आत जाऊन खुर्च्या लावायला लागली. ते मला जास्त लागलं.

एजाजभाईच उभा राहिला. "आइका गड्याहो. पयले पिक्चर, मंग पंप. पिक्चर पाह्यल्याशिवाय म्या कोनाच्याच पंपाले हात लावनार नाई."

"कितीक येळ हाये पिक्चर?" कुणीतरी विचारलं.

"दोन घंटे वीस मिनिटं."

"चालू करून टाका मंग," तांड्यावरचे दौलतसिंगकाका म्हणाले आणि पंप भिंतीशी ठेवून पहिल्या रांगेत बसले. सत्तरीचा माणूस, डोक्याला लाल फेटा. त्यांच्यामागे सगळ्यांनी भिंतीशी पंप ठेवले. सभागृहात पेट्रोलचा वास पसरला. माझं प्रास्ताविक खिशातच राहिलं.

सिनेमा सुरू झाला. लाल दिवे, हिरवे दिवे, आरशात आरसा. गर्दी आधी कुजबुजत होती, मग पाहायला लागली. खालच्या मराठी ओळी सोबत आलेले शाळकरी नातू मोठ्याने वाचत, बाकीचे ऐकत. न्हाव्याच्या दुकानात पाठलाग झाला तेव्हा मागून कुणी म्हणालं, "हा न्हावी सुधरेल हाये, वस्तरा बदलला त्यानं." पडद्याबाहेर गोळी सुटली तेव्हा एकजण म्हणाला, "दाखवलं काहून नाई?" आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, "तुले पाहून काय कराचं हाये? मेला तो मेला." असला अभिप्राय सव्वीस सिनेमांत मला सुचला नव्हता. बाप मेल्याची ओळ पडद्यावर आली आणि सभागृह एकदम शांत झालं.

मग ती नऊ मिनिटं आली.

पांढरा सूट शेतात उभा. शेजारी खोपडी. एक मिनिट गेलं, दोन गेली. आता उठतील, पंप मागतील, आणि सपनाच्या चाळीस पानांसमोर माझं गाव हसेल. उठून ओरडून सांगावं वाटलं की बाबांनो, हे शून्य आहे, जरा दम धरा. कुणी उठलं नाही. खोकलंही नाही. सगळे पडद्यावर डोळे लावून बसले होते, मी चार वेळा पाहूनही बसलो नव्हतो तसे.

चौथ्या मिनिटाला दौलतसिंगकाका शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "लाइन नाई आली अजून."

"येईन आता," शेजारी म्हणाला.

सपना दोन खुर्च्या ओलांडून त्यांच्याजवळ गेली आणि खाली बसली. "काय म्हणालात काका?"

"लाइन, बाई. लाइनीची वाट पाहून राह्यला तो." त्यांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "थे खोपडी पाय. अंदर बल्ब हाये. चालू करून ठेवला, पन पेटला नाई. त्याचे डोये पाय कुठं हायेत."

मी पाहिलं. खोपडीच्या काळ्या दारात, वायरीला लोंबणारा, विझलेला एक बल्ब होता. गुंडाची नजर शून्यात नव्हती. त्या बल्बावर होती.

"पण तो गुंड आहे ना," सपना म्हणाली. "शहरातला. तो सकाळी परत जाणार होता."

"बाप मेला ना त्याचा. आता पिकाची भिजवन कोन करन?"

"पांढऱ्या सुटात?"

"कपडे बदलाले घरी गेला आन तेवढ्यात लाइन आली, त मंग?" काका तिला समजावत होते, अगदी आपल्या नातीला समजवावं तसं. "बूट पाय त्याचे, चिखलात हायेत. हा जात नाई आता. राह्यला हा गावात."

मागे चर्चा सुरू झाली. थ्री फेज असेल की सिंगल, फ्यूज तर गेला नसेल, तैवानातही रात्रीची देतात का. मग पुन्हा सगळे गप्प झाले. आठवं मिनिट. नववं. आणि खोपडीतला बल्ब पेटला. अगदी मंद. मागे कुठेतरी मोटरची घुरघुर सुरू झाली, जिला मी चारही वेळा माझ्या कंप्युटरचा पंखा समजलो होतो.

"आली," साठ माणसं एकदम म्हणाली.

एकजण सवयीने उठूनही उभा राहिला. बाजूच्याने त्याला खाली बसवलं.

मी ताडपत्रीकडे तोंड केलं. लहानपणी माझं काम तेच होतं. मोटरला लाइन येईपर्यंत बाप विहिरीच्या काठाला जरा लवंडायचा, मी खोपडीसमोर पुस्तक घेऊन बसायचो. एक डोळा पुस्तकावर, एक बल्बावर. पेटला की ओरडायचं: "आली." त्या बल्बासमोर मी मॅट्रिक झालो, त्यावर नोकरी लागली, नोकरीवर सपना पुण्याला गेली. आणि वही घेऊन, घड्याळ लावून, चार वेळा पाहूनही मला तो बल्ब दिसला नाही. माझ्या बापाला पहिल्याच मिनिटाला दिसला असता.

*

सिनेमा संपला. एजाजभाईने खिडक्या उघडल्या, सतरंजी पसरली आणि पहिला पंप खोलला. इंद्रभान नमुना घेऊन आला. कृषी कार्यक्रमानंतर 'शेतकऱ्यांना काय लाभ झाला' तो रकाना भरावा लागतो. मी लिहिलं, 'अर्जदारास लाभ झाला.' इंद्रभानला ते कमी वाटलं असणार, पण सही माझी होती.

सपना पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो.

"मंडळ नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं."

"मला दारातच कळलं."

"आणि शून्य वगैरे मला काही वाटलं नव्हतं. लेखाचं नाव वाचून मी ते म्हणालो. मला काहीच वाटलं नव्हतं. तू फोन ठेवू नयेस, एवढंच वाटत होतं."

आतून पंप सुरू झाल्याचा आवाज आला, बंद पडल्याचा आला.

"माझी चाळीस पानं गेली, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"माझेही चाळीस सदस्य गेले."

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ती म्हणाली, "तुम्ही नुसतं 'कळलं नाही' म्हणाला असतात ना, तरी मी फोन ठेवला नसता. तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणूनच तर मी त्या ओळी टाकते."

हे मी दोन वर्षांत विचारलं नव्हतं. मग ती उठली, दौलतसिंगकाकांकडे गेली आणि स्वतःची वही उघडून त्यांना विचारत बसली. त्यांचा पंप एजाजभाईने सगळ्यात शेवटी घेतला, त्यामुळे तिला भरपूर वेळ मिळाला. लिलाबाईने सगळ्यांना चहा दिला. मला देताना म्हणाली, "मले पिक्चर आवडला. पन तो सूप कायचं पेत होता?" तो वेगळा सिनेमा, हे मी तिला सांगितलं.

माझ्या वहीत त्या सिनेमापुढचा 'प्रलंबित' मी खोडला आणि लिहिलं: 'समजला, दौलतसिंगकाकांमार्फत.'

पुढच्या रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. लेख तिने परत मागवला होता, नव्याने लिहीत होती. बोलता बोलता आमच्याकडे लाइन गेली. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं आणि मलाही पुढे काही सुचेना. पूर्वी अशा वेळी मी घाबरून काहीतरी बोललो असतो.

"बाबा, आहात ना?"

"आहे. लाइन गेली."

"थांबू?"

"थांब."

ती थांबली. मी पण थांबलो. तिच्याकडे रस्त्यावरून गाड्या जात होत्या, ते ऐकू येत होतं. लिलाबाई अंधारात मेणबत्ती शोधत होती. ओसरीतल्या बल्बाचं बटण मी चालूच ठेवलं होतं, आणि त्याच्याकडे बघत बसलो होतो.

मग बल्ब पेटला.

"आली," मी म्हणालो.

"सांगा मग," सपना म्हणाली.